दगडाला टाकी

त्याचं नाव सांगायला कायद्यानं बंदी आहे,
म्हणून मी त्याला शनवार म्हणते.
दांडिया बाजारातल्या आमच्या घंटीवर
(इकडे गिरणीला घंटीच म्हणतात,
चार पिढ्यांत आमची मराठीही बडोद्याची झाली)
तो दोनला येतो, चारला जातो.
वहीत मी वेळ लिहिते. खाली सही, मंजुळा शिर्के.

वाशी उत्तरायणाची रात्र.
सगळी गल्ली पतंग उडवून मेल्यासारखी झोपलेली.
हा गच्च्यांवरून आला, पत्रा उचकटून उतरला.
गल्ल्यात चार हजार तीनशे, आणि सुट्टे.
हे पट्ट्याशेजारीच झोपले होते. उठले.
पहार उजव्या हातावर बसली.
आता दोन बोटं मिटत नाहीत.
घास घेताना ती वेगळीच उभी राहतात,
वर्गात हात वर करून बसलेल्या मुलासारखी.

मंडळासमोर तो माफी मागून मोकळा झाला.
पाठ केलेली होती.
तिथल्या बाईंनी मला विचारलं, तुम्हांला काय हवंय?
असं तोवर कोणीच विचारलं नव्हतं,
पोलिसांनी नाही, हाडांच्या डॉक्टरांनी नाही.
माझ्या तोंडून निघून गेलं:
दगडाला टाकी कोण लावणार?

त्यांना कळलं नाही. प्रोबेशनच्या पंड्याभाईंनाही नाही.
मग सांगितलं. दगड झिजून गुळगुळीत होतो,
दळत नाही, नुसता तापतो, पिठाला करपट वास येतो.
तेव्हा वरचा दगड उतरवायचा, उताणा ठेवायचा,
आणि मधून कडेकडे ओळीनं टोचत जायचं.
छत्तीस वर्षं हे काम ह्या दोन बोटांचं होतं.

चाळीस तास, मंडळानं लिहिलं.

पहिल्या शनवारी मी त्याच्या हातात हातोडी दिली
आणि दाराशी उभी राहिले.
खोटं कशाला बोलू, पळता यावं म्हणून.
ह्यांनी आपला जुना चष्मा त्याला घालायला दिला,
कपच्या डोळ्यात जातात.
एवढंच बोलले, "जोर नको. वजन पडू दे."
त्यानं त्या दिवशी तीन टाक्या बोथट केल्या.

समोरच्या दक्षाबेननी आपला डबा उचलला.
त्या पोराच्या हातचं मला नको.
मी म्हटलं, पीठ तर यंत्र करतं.
त्या गेल्या त्या गेल्याच,
आता नाक्यावरच्या घंटीवर दळतात.
मला त्यांचा राग नाही.
मांजर पत्र्यावरून गेलं तरी हे अजून उठून बसतात.

ऑगस्टात एक शनवार तो आलाच नाही.
पंड्याभाई म्हणाले, विश्वामित्री चढली, गल्लीत मगर आहे.
मी बहाणा समजले.
सोमवारी पेपरात फोटो: त्याच्याच ओट्यावर,
पाहुण्यासारखी, तोंड उघडं टाकून.
तरी मी ते दोन तास धरले नाहीत.
मगरीनं काय टाकी लावली होती?
त्यानं वही पाहिली. काही बोलला नाही.
पुढच्या खेपेला दगडावरच्या ओळी जरा सरळ होत्या.

लोक विचारतात, माफ केलंत का हो?
बाजरी टाकायची असली तर टाका, मी म्हणते,
नाहीतर रांग पुढे जाऊ दे.

काल चाळीस भरले.
पंड्याभाई कागद घेऊन बाकावर बसलेले.
हा दगड चढवून, पट्टा लावून, हात झटकत उभा.
घंटी सुरू झाली. त्यानं पन्हाळीखाली हात धरला,
चिमटीत पीठ चोळलं,
आणि न विचारता पहिल्यांदा बोलला:
"हांडव्याला चालेल. रोटलीला नाही."
पट्टा काढला. दगड पुन्हा उतरवला.

चारवर वीस मिनिटं झाली तेव्हा कुठे तो गेला.
वहीत तसला रकाना नाही.
ह्यांनी चहा ओतला, डाव्या हातानं,
बराचसा बशीत.
चष्मा तो घालूनच गेला होता.